मतपत्रिकेच्या तळाशी असलेले न्यायाधीश : टेक्सासमध्ये पहिल्यांदा मत देताना

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गेल्या वर्षी तुम्हाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, घर ह्यूस्टनजवळच्या केटीत आहे आणि येत्या नोव्हेंबरात तुम्ही पहिल्यांदा मत देणार आहात. नमुना मतपत्रिका उघडलीत तर सिनेटर आणि गव्हर्नरची नावं पहिल्या पानावरच संपली आणि पुढे पानंच्या पानं न्यायाधीश. प्रत्येकापुढे पक्षाचं नाव. तुम्ही लिहिलंय, "आपल्याकडे जिल्हा न्यायाधीश कोण हे कधी आपल्याला विचारलं जात नाही. इथे एकाही माणसाला मी ओळखत नाही. हा भाग मोकळा सोडला तर चालेल का?"

चालतं. मोकळ्या जागेमुळे तुमचं बाकीचं मत बाद होत नाही. पण या उत्तरावर थांबले तर ते अर्धवट राहील. मी पुण्यात कायदा शिकले, इथे येऊन पुन्हा शिकले आणि गेली एकोणीस वर्षं ह्यूस्टन आणि आसपासच्या काऊंट्यांमध्ये (काऊंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) मुख्यतः कौटुंबिक खटले लढवते आहे. माझ्या मते तुमची अडचण नावं ओळखीची नसण्याची नाही. यातला कोणता न्यायाधीश तुमच्या आयुष्यातल्या कोणत्या गोष्टीचा निकाल देतो हे माहीत नाही, ही खरी अडचण आहे. ते कळलं की साठ नावांचा डोंगर चार-पाच ढिगांत वाटला जातो आणि कुठे वेळ घालवायचा ते तुमचं तुम्हालाच सुचतं.

आधी एक सावधगिरी. केटी हे गाव हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काऊंट्यांत पसरलेलं आहे. रस्त्याच्या अलीकडे एक मतपत्रिका, पलीकडे दुसरी. म्हणून मैत्रिणीची यादी उतरवून नेऊ नका. शिवाय मी सांगते आहे ते टेक्सासपुरतं. न्यू जर्सीतल्या तुमच्या नणंदेला यातलं काहीच लागू नाही. तिथे न्यायाधीश गव्हर्नर नेमतो आणि सिनेट त्याला मान्यता देतं. आणि ज्या संघीय न्यायाधीशांची नावं आपण बातम्यांत ऐकतो, ते राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले आणि तहहयात असतात. ते कुठल्याच मतपत्रिकेवर नसतात.

आता खालून वर जाऊ, कारण सामान्य माणसाची कोर्टाशी गाठ खालूनच पडते.

सगळ्यांत खाली 'जस्टिस ऑफ द पीस'. आम्ही नुसतं 'जेपी' म्हणतो. २०,००० डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे, भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे खटले आणि नुसत्या दंडाचे किरकोळ गुन्हे इथे चालतात. स्वयंपाकघराचं काम अर्धवट टाकून पळालेला कंत्राटदार, अनामत रक्कम परत न देणारा घरमालक, हे सगळं जेपीकडे. आपल्या लोकांपैकी कित्येकांनी एखादं जास्तीचं घर घेऊन भाड्याने दिलेलं असतं, त्यांचं अख्खं कोर्टकचेरीचं आयुष्य याच खोलीत जातं. जेपी होण्यासाठी वकील असावं लागत नाही, हे ऐकून मी पहिल्यांदा चक्रावले होते. चार वर्षांची मुदत, आणि काऊंटीच्या लोकसंख्येप्रमाणे एक ते आठ प्रीसिंक्ट, म्हणजे काऊंटीचे पाडलेले भाग. शहरांची म्युनिसिपल कोर्टं वेगळी. तिथले न्यायाधीश बहुतेक ठिकाणी नगर परिषद नेमते, म्हणून ते सहसा तुमच्या मतपत्रिकेवर दिसणार नाहीत.

त्यावर 'काऊंटी कोर्ट ॲट लॉ'. पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेला मुलगा इथे उभा राहतो. ठरावीक रकमेपर्यंतचे दिवाणी दावेही इथे चालतात. हॅरिससारख्या मोठ्या काऊंटीत मृत्युपत्रं आणि पालकत्वासाठी स्वतंत्र प्रोबेट न्यायालयं आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. आई-वडील ग्रीन कार्डवर इथे येऊन राहिलेत आणि त्यातल्या एकाला विस्मरण जडलंय, अशी घरं आपल्यात आता पुष्कळ आहेत. बाबांच्या वतीने सही कोण करणार, हे ठरवणारा माणूस या न्यायालयात बसतो.

इथेच एक फसवं नाव आहे : 'काऊंटी जज'. टेक्सासच्या २५४ काऊंट्यांत प्रत्येकी एक. मोठ्या काऊंट्यांत हा प्रत्यक्षात प्रशासनप्रमुख असतो. अंदाजपत्रक, रस्ते, चक्रीवादळ आलं की घरं रिकामी करण्याचा आदेश, ही त्याची कामं. लहान काऊंट्यांत तो खटलेही ऐकतो, पण तुमच्या भागात त्याला मत देताना न्यायाधीश निवडत नसून कारभारी निवडत आहात असं समजा.

मग येतात डिस्ट्रिक्ट कोर्टं. राज्यभरात साडेचारशेहून जास्त, एकट्या हॅरिसमध्ये साठच्या घरात. तुमच्या मतपत्रिकेची लांबी मुख्यतः यांच्यामुळे आहे. गंभीर गुन्हे, मोठे दिवाणी दावे, जमिनीची मालकी, घटस्फोट आणि मुलांचा ताबा, सगळं इथे. मोठ्या काऊंट्यांनी कामाची वाटणी करून घेतलेली असते : काही न्यायालयं फक्त दिवाणी, काही फौजदारी, काही कौटुंबिक, काही बालगुन्हेगारांसाठी. मुदत चार वर्षं. कोणत्या न्यायाधीशापुढे उभं राहायचं हे तुम्ही ठरवत नाही. दावा दाखल झाला की संगणक त्याला न्यायालय नेमून देतो.

त्याच्या वर अपील न्यायालयं. ह्यूस्टनमध्ये पहिलं आणि चौदावं अशी दोन आहेत, दोघांचा इलाखा त्याच दहा काऊंट्यांचा. आपल्याला हे विचित्र वाटतं, पण आहे हे असं. २०२४ च्या १ सप्टेंबरपासून राज्य सरकारविरुद्धच्या दिवाणी अपिलांसाठी पंधरावं न्यायालय सुरू झालं. त्याच दिवशी मोठ्या व्यापारी खटल्यांसाठी 'बिझनेस कोर्ट'ही सुरू झालं. तिथले न्यायाधीश मात्र गव्हर्नर नेमतो, तेही दोनच वर्षांसाठी.

आणि शिखरावर एक नाही, दोन न्यायालयं. दिवाणीसाठी टेक्सासचं सर्वोच्च न्यायालय, फौजदारीसाठी 'कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्स'. प्रत्येकी नऊ न्यायाधीश, सहा वर्षांची मुदत, राज्यभर मतदान. फाशीच्या शिक्षेचं अपील मधली पायरी ओलांडून थेट या दुसऱ्या न्यायालयात जातं. अशी दोन शिखरं अमेरिकेत आणखी फक्त ओक्लाहोमात आहेत.

इतकं सगळं लोकांच्या मतावर का सोडलं असेल? १८४५ साली टेक्सास संघराज्यात आलं तेव्हा न्यायाधीश गव्हर्नरच नेमत असे. १८५० मध्ये घटनादुरुस्ती करून निवडणूक आणली. यादवी युद्धानंतरच्या १८६९ च्या घटनेने नेमणुकीचा अधिकार पुन्हा गव्हर्नरकडे दिला आणि त्या काळातल्या कारभारावर लोक इतके चिडले, की १८७६ च्या घटनेत त्यांनी गव्हर्नरच्या हातातून काढता येईल तेवढं काढून घेतलं. आजही तीच घटना चालू आहे. ज्याने नेमलं त्याचं मिंधं न्यायालय नको, हा तो विचार. तो पोकळ होता असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे कॉलेजियमवरून, आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग रद्द झाला तेव्हा जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता : न्यायाधीशाला खुर्चीवर कोणी बसवायचं? टेक्सासने त्याचं उत्तर 'लोकांनी' असं दिलं.

पण व्यवहारात लोक निवडतात ते पक्ष. याचा अर्थ काय होतो ते मी जवळून पाहिलंय. नोव्हेंबर २०१८ मध्ये रिपब्लिकन टेड क्रूझ आणि डेमोक्रॅट बेटो ओ'रूर्क यांची सिनेटची लढत गाजत होती. तेव्हा एक खूण केली की त्या पक्षाच्या वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या उमेदवारांना मत जायची सोय होती. मतमोजणी झाली आणि हॅरिस काऊंटीत न्यायाधीशांच्या ५९ लढती डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकल्या. सगळ्याच्या सगळ्या. जिंकलेल्यांत १७ कृष्णवर्णीय महिला होत्या. ज्या काऊंटीत न्यायासनावर असे चेहरे क्वचितच दिसत, तिथे ही फार मोठी गोष्ट होती आणि मला तिचा आनंद झाला. पण त्याच रात्री माझ्या माहितीतले काही उत्तम न्यायाधीशही घरी गेले. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. २०१० मध्ये वारा उलट दिशेने वाहिला होता, आणि २०२४ मध्ये ह्यूस्टनच्या दोन्ही अपील न्यायालयांतल्या बहुतेक जागा पुन्हा रिपब्लिकन पक्षाकडे गेल्या. यात कोणाचा निकाल चांगला, कोणाचा वाईट, याचा काही संबंध नव्हता.

अशिलाच्या घरात याचं काय होतं ते सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सांगलीकडची एक आई, सात वर्षांची मुलगी, घटस्फोटाचा खटला चालू. आजी आजारी, म्हणून मुलीला घेऊन तीन आठवडे भारतात जायचं होतं. वडिलांची भीती अशी, की ती परत येणारच नाही. ही भीती कायद्याच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या हेग करारात भारत सहभागी नाही, म्हणून मूल भारतात अडकलं तर ते परत आणण्याचा सरळ मार्ग उरत नाही. टेक्सासचा कायदा अशा वेळी काय करायचं याचे बरेच पर्याय न्यायाधीशाला देतो : पासपोर्ट कोर्टाच्या ताब्यात ठेवा, जामिनाची रक्कम भरायला लावा, प्रवासच नाकारा. यातलं काय निवडायचं, हे मात्र त्या एका माणसाच्या विवेकावर असतं.

पहिल्या सुनावणीत न्यायाधीशांनी आमची कागदपत्रं आधीच वाचलेली होती. त्यांनी आईला तीनच गोष्टी विचारल्या : नोकरी किती वर्षांची, घर कोणाच्या नावावर, शाळा कधी सुरू होते. परतीची तिकिटं स्वतःच्या हातात घेऊन तारखा वाचल्या, जामिनाची रक्कम ठरवली आणि जायला परवानगी दिली. वीस मिनिटांत. मायलेकी गेल्या, ठरलेल्या तारखेला परत आल्या. पुढे मुख्य खटला सुरू झाला, दीड दिवसाची साक्ष झाली, उरलेलं काम पुढच्या तारखेला होतं आणि मध्ये निवडणूक आली. जानेवारीत खुर्चीवर नवीन न्यायाधीश. ज्याने साक्षीदार पाहिलेच नाहीत तो निकाल कसा देणार? पहिले पाढे पंचावन्न. साक्षी पुन्हा, फी पुन्हा, त्या आईचं रडणं पुन्हा. नवीन न्यायाधीश हुशार आणि सज्जन होत्या, पण त्यांची वकिली सगळी दुसऱ्या क्षेत्रातली होती आणि पासपोर्टाचा प्रश्न त्यांना पहिल्यापासून समजावून सांगावा लागला. दोष त्यांचा नव्हता. मतदारांनी त्यांना पाठवलं होतं आणि त्या मतदारांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं, की आपण एका कौटुंबिक न्यायालयात माणूस पाठवतो आहोत.

म्हणून 'मोकळं सोडू का' या प्रश्नावर माझी अस्वस्थता आहे ती ही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो, आणि बहुतेक लोक ही पायरी चढतात ते नाइलाजानेच. चढावी लागली की मग समोर कोण बसलंय हे आधी ठरून गेलेलं असतं.

पैशाबद्दलही सांगायला हवं. न्यायाधीश निवडून यायचा तर प्रचार आला, प्रचार आला की वर्गणी आली, आणि न्यायाधीशाच्या प्रचाराला वर्गणी देण्यात रस कोणाला? वकिलांना, आणि ज्यांचे दावे चालू असतात त्यांना. टेक्सासने १९९५ मध्ये वर्गणीवर मर्यादा घातल्या. राज्यभरच्या पदांसाठी एका व्यक्तीला एका निवडणुकीत ५,००० डॉलर. पण उमेदवाराशी संबंध नसलेल्या गटांनी बाहेरून केलेला खर्च या मर्यादेत मावत नाही. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका उमेदवारासाठी सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले. त्याच कंपनीविरुद्धचा ५ कोटी डॉलरचा निकाल त्या न्यायालयात अपिलात येणार होता. निवडून आलेल्या न्यायाधीशाने बाजूला व्हायला नकार दिला आणि निकाल कंपनीच्या बाजूने फिरला. शेवटी २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की त्याने त्या खटल्यातून दूर राहायला हवं होतं. तेही पाच विरुद्ध चार मतांनी. एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एकाच जागेसाठी दोन्ही बाजूंनी मिळून ९ कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापलेलं नसतानाही.

यापेक्षा बरी पद्धत आहे का? मिसूरीने १९४० मध्ये एक मधला मार्ग काढला : समिती नावं सुचवते, गव्हर्नर त्यातून एक नेमतो आणि काही काळाने मतदारांना एवढंच विचारलं जातं, की याला ठेवायचं की काढायचं. बऱ्याच राज्यांनी तो उचलला. मला तो आवडतो, पण तोही वादळापासून सुटत नाही. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या तीन न्यायाधीशांना मतदारांनी काढून टाकलं. टेक्सासमध्ये थॉमस फिलिप्स, वॉलेस जेफरसन आणि नॅथन हेक्ट या तीन मुख्य न्यायाधीशांनी पक्षाच्या चिन्हावर न्यायाधीश निवडण्याला उघड विरोध केला. तिघेही स्वतः त्याच पद्धतीने निवडून आलेले होते. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण पद्धत बदलायची तर घटनादुरुस्ती हवी, आणि तोपर्यंत जे हातात आहे ते नीट वापरायला हवं.

ते कसं, तर मी स्वतः काय करते ते सांगते. २०२० पासून एका खुणेत सगळा पक्ष निवडायची सोय बंद झाली आहे, म्हणून प्रत्येक लढतीपुढे थांबावं लागतंच. मी माझ्या घराला लागू होणारे ढीग आधी काढते. तुमचं घर भाड्याने असेल तर जेपी, मुलं असतील तर कौटुंबिक आणि बालन्यायालय, वयस्कर आई-वडील असतील तर प्रोबेट. तेवढ्या आठ-दहा नावांचा नीट शोध घ्या. ह्यूस्टन बार असोसिएशन ही इथली वकिलांची संघटना वकिलांकडून न्यायाधीशांचं मूल्यमापन करून घेऊन ते प्रसिद्ध करते. त्यातला एकूण आकडा बघू नका, कारण हरलेले वकीलही त्यात उत्तर देतात. 'कागदपत्रं वाचून येतात का', 'वेळेवर बसतात का', 'सौजन्याने वागतात का' अशा बाबींवर काय गुण आहेत ते बघा. लीग ऑफ विमेन व्होटर्स या मतदारांना माहिती देणाऱ्या संस्थेच्या पुस्तिकेत उमेदवारांची स्वतःची उत्तरं असतात. तिथे एकच गोष्ट शोधा : या माणसाने आजवर कोणत्या प्रकारचे खटले चालवले? डिस्ट्रिक्ट जज व्हायला आता आठ वर्षांचा अनुभव लागतो, पण आठ वर्षं फक्त विमा कंपन्यांचे दावे लढवलेला माणूस कौटुंबिक न्यायालयासाठी उभा असेल तर तुम्हाला ते माहीत असायला हवं. 'अमुक खटल्यात काय निकाल द्याल' असं मात्र त्यांना विचारू नका. तसं वचन द्यायची त्यांना मनाई आहे, आणि जो सूचक बोलून खूश करू बघेल त्याला मी मत देत नाही.

शक्य असेल तर एक सकाळ कोर्टात जाऊन बसा. दार सगळ्यांसाठी उघडं असतं, कोणाची परवानगी लागत नाही. वकील नसलेला माणूस पुढे आला की न्यायाधीशाचा आवाज बदलतो का ते ऐका. आपल्यासारखे उच्चार असलेली बाई बोलताना तो मान वर करून ऐकतो की घड्याळाकडे बघतो, तेही बघा. माझ्या मतांपैकी निम्मी अशाच बाकांवर बसून ठरलेली आहेत.

आणखी एक. जिथे एका पक्षाचा पगडा घट्ट आहे तिथे खरी निवड मार्चमधल्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदार ठरवतात तेव्हा होते. टेक्सासमध्ये त्यासाठी पक्षाचं सभासद व्हावं लागत नाही. त्या दिवशी कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी एवढं सांगायचं. मार्चला फार कमी लोक येतात, आणि तिथे थोड्या मतांनी न्यायाधीश पडलेले मी पाहिले आहेत. फोर्ट बेंडमध्ये २०२२ साली डिस्ट्रिक्ट जज म्हणून निवडून आलेले सुरेंद्रन पट्टेल केरळच्या कासारगोडचे, लहानपणी विड्या वळून शिकलेले. त्यांनाही आधी मार्चमध्ये पदावर असलेल्या न्यायाधीशाला हरवावं लागलं होतं. आपल्यातलं कोणी त्या खुर्चीपर्यंत पोचतं ते त्याच दारातून.

मतदानाच्या दिवशी यादी फोनमध्ये ठेवून जाऊ नका. मतदानयंत्रांपासून शंभर फुटांच्या आत फोन वापरता येत नाही, आणि ऐन वेळी तुम्हाला एकही नाव आठवणार नाही. कागदावर लिहून न्या, ते चालतं. ज्या लढतीबद्दल काहीच कळलं नाही ती खुशाल मोकळी सोडा, अंदाजाने खूण करण्यापेक्षा ते बरं. आणि आज संध्याकाळी एक करा : टपालाने आलेलं मतदार नोंदणीचं कार्ड काढा. काऊंटीचं नाव आणि जेपी प्रीसिंक्टचा आकडा त्यावरच छापलेला असतो. तेवढं कळवलंत तर तुमच्या पत्त्याला कोणती न्यायालयं लागू आहेत ते मी एकेक करून सांगते.